मोरीमावशीची जीभ

समुद्रकाठच्या त्या गावात खाण्यापिण्याची बेचाळीस ठिकाणं होती आणि कुठे खावं हे सांगणारे त्याच्या दुप्पट. टॅक्सीवाला पाहुण्याला सरळ आपल्या मेव्हण्याच्या खानावळीच्या दारात नेऊन उतरवायचा. लॉजचा मॅनेजर गच्चीवरच्या हॉटेलाचे गोडवे गायचा, कारण गच्ची त्याच्या सख्ख्या भावाची होती. किनाऱ्यावर छत्र्या भाड्याने देणारा तर सरबताच्या गाडीबद्दल असं काही रंगवून सांगायचा, की तहान नसलेल्याचाही घसा कोरडा पडावा. या सगळ्यांचं ऐकून पहिल्या दिवशी हात पोळलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी कुणाजवळ तरी रडगाणं गायचा, आणि समोरचा हमखास म्हणायचा, आधी मोरीमावशीला विचारायचं ना.

मोरीमावशी बस स्टँडच्या भिंतीला टेकून बसायची. बाटल्यांचं एक रिकामं क्रेट उलटं करून त्यावर घडी केलेलं पोतं, ही तिची गादी. वय सत्तरीच्या घरात, अंगाने काडी, पण हात मात्र रुंद पंज्यांचे, पाण्यात राहून राहून बोटांची टोकं कायमची सुरकुतलेली. चाळीस वर्षं तिने या गावात भांडी घासली होती. एका ठिकाणी नव्हे, चौदा ठिकाणी, म्हणजे चौदा स्वयंपाकघरांच्या चौदा मोऱ्यांत. त्यावरूनच हे नाव पडलं. तिचं खरं नाव एखाद्या कागदावर असेलही, पण त्या नावाने हाक मारली असती तर तिनेच मागे वळून पाहिलं नसतं.

दुपारी एकची बस आली की उतारू सामानासकट तिच्यापुढे उभे राहायचे. ती तीन प्रश्न विचारायची. शेवटचं कधी खाल्लं, बरोबर कोण आहे, आणि परत कधी निघायचं आहे. मग पोराने पाढा आठवावा तसे डोळे मिटायची आणि एकच ठिकाण सांगायची. दोन कधीच नाही. बसमध्येच भांडण होऊन एकमेकांकडे पाठ करून उभ्या असलेल्या जोडप्याला तिने धक्क्याजवळच्या एका हॉटेलात पाठवलं, कारण तिथली टेबलं इतकी लहान होती की रुसून बसायला जागाच नव्हती. नवी कवळी बसवलेल्या एका म्हाताऱ्याला नुसती वाफवलेली मासळी देणारं घर दाखवलं. तो पुढच्या वर्षी आपल्या दोन मित्रांना घेऊन आला आणि तिच्यासमोर टोपी काढून उभा राहिला. तिचा शब्द चुकला असं गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. हॉटेलवाल्यांनी तिला वश करायला कमी प्रयत्न केले नाहीत. एकाने मिठाईचा डबा पाठवला. तिने मिठाई स्टँडवरच्या हमालांना वाटली आणि डबा लख्ख घासून परत पाठवला. त्या हॉटेलाचं नाव तिच्या तोंडून त्यानंतरही निघालं नाही, अर्थात डब्यामुळे नव्हे.

लोक म्हणायचे, या बाईची जीभ म्हणजे सोनं आहे. आणि हे ऐकलं की तिच्या सुनेच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सून दूरच्या, समुद्र न पाहिलेल्या गावातून आलेली. नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी तिने मासळीच्या लिलावाच्या आवारामागे एक जागा भाड्याने घेऊन पाच टेबलांची खानावळ काढली. मासळीचा रस्सा, भात आणि पाव. चौथा पदार्थ नाही. पहाटे ती स्वतः लिलावात उभी राहायची, कोळ्यांशी हुज्जत घालून ताजी मासळी आणायची आणि दहा वाजता मोठं पातेलं चढवायची. रस्सा करायला ती आजीकडून शिकली होती, आणि आपला हात चांगला आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. सकाळी लवकर जेवणारे कोळी बोटं चाटत उठायचे. पण खानावळ चालते ती पाहुण्यांवर, आणि पाहुणे एकदा आले की पुन्हा फिरकत नव्हते. का, ते तिला कळत नव्हतं. जागा ठेवायची की सोडायची, याचं उत्तर मालकाने हंगाम संपेपर्यंत मागितलं होतं. आइस्क्रीमवाला जागेवर टपूनच होता. नवऱ्याला शहरातल्या एका गॅरेजमधून बोलावणं आलं होतं आणि खानावळ बंद पडली तर तिकडे जायचं हे नवराबायकोत ठरलं होतं. सासूने मात्र आपण गाव सोडणार नाही असं शांतपणे सांगून टाकलं होतं. म्हणजे खानावळ बुडाली तर घर दोन ठिकाणी होणार होतं.

आणि अख्ख्या गावाला गिऱ्हाईक वाटणाऱ्या या बाईने दोन वर्षांत एकाही पाहुण्याला सुनेकडे धाडलं नव्हतं. एकालाही नाही. बस येऊन गेली की ती क्रेटवरून उठायची, तासदीड तास हॉटेलांच्या मागच्या दारांनी फिरून यायची, सुनेच्या मोरीत सकाळपासून साचलेली ताटं घासायची आणि तीन वाजता खानावळीच्या मागच्या पायरीवर जेवायला बसायची. सून ताट वाढायची आणि श्वास रोखून विचारायची, "आई, कसं झालंय?"

"ठीक आहे," मावशी म्हणायची.

दोन वर्षं रोज हे एवढंच. सुनेने मसाला बदलून पाहिला, मासळी बदलून पाहिली, एकदा तर रागाच्या भरात नुसता उकडलेला बटाटा वाढला. उत्तर तेच. सोन्याची जीभ घरात आणि आपल्या वाट्याला काय, तर ठीक आहे. ही बाई चारचौघांच्या मागच्या दारी फुकटचं चापून येते आणि आपल्या रश्श्याला नावं ठेवायचीही तसदी घेत नाही, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधली. नवऱ्याजवळ कुरकुर केली की तो म्हणायचा, आईचं तसंच आहे. नवऱ्यांच्या या उत्तराने आजवर कुठल्याही बायकोचं समाधान झालेलं नाही.

हंगाम संपायला महिना उरला असताना एक दिवस पहाटेचा लिलाव उरकल्यावर जोराचा वारा सुटला. बोटी धक्क्यालाच बांधून ठेवल्या, एकची बस रद्द झाली, आणि रिकामा झालेला नवरा मदत करायला म्हणून स्वयंपाकघरात शिरला. पातेल्यात मीठ राहिलं असेल असं त्याला वाटलं आणि त्याने मूठभर टाकलं. त्यात सून मासळी साफ करून आली आणि तिने न विचारता आपलं रोजचं मीठ घातलं. बस नसल्यामुळे मावशी त्या दिवशी लवकर आली होती, म्हणून पहिलं ताट तिलाच गेलं. दुसरं गेलं वाऱ्यामुळे अडकून पडलेल्या एका ट्रक ड्रायव्हरला. त्याने पहिला घास घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि तडक बाहेर जाऊन थुंकला.

सुनेने डाव तोंडाला लावला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. रस्सा कसला, समुद्रच होता तो. ती मागच्या दाराकडे धावली. मावशी पायरीवर बसून पावाच्या शेवटच्या तुकड्याने ताट पुसत होती.

"आई, कसं झालंय?" सुनेच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"ठीक आहे."

सून आत गेली, चहा टाकला, त्यात साखरेऐवजी दोन चमचे मीठ घातलं आणि कप सासूच्या हातात दिला. मावशीने फुंकर मारून चहा प्यायला, नेहमीसारखा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. कप खाली ठेवून तिने वर पाहिलं तेव्हा सुनेचा चेहरा पाहूनच तिला काय झालं ते उमगलं.

"कधीपासून?" सुनेने विचारलं.

"नऊ वर्षांची होते. महिनाभर ताप होता. ताप गेला, तो हे घेऊन गेला. वासही नाही, चवही नाही."

सुनेला आधी आला तो संताप. दोन वर्षं आपण जिच्यापुढे ताट घेऊन उभ्या राहिलो, ती जीभ नव्हतीच. तिच्यासाठी मसाले बदलले, रात्ररात्र रडलो, आणि इकडे मीठ आणि साखर सारखंच. गावाला कळलं तर काय होईल, हेही तिच्या मनात येऊन गेलं. उद्या स्टँडवर उभं राहून एवढं एक वाक्य बोललं तरी त्या क्रेटकडे पुन्हा कुणी मान देऊन पाहणार नाही. मावशीलाही ते कळत असावं, कारण ती हात मांडीवर ठेवून बसली होती, निकालाची वाट पाहणाऱ्या माणसासारखी. पण संतापाच्या पाठोपाठ सुनेच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला आणि तो संतापापेक्षा मोठा निघाला. चव कळत नाही, तर ही बाई इतकी वर्षं गावाला सांगते कशाच्या जोरावर? आणि एकदाही चुकत कशी नाही?

तिने तसं विचारलं. मावशी म्हणाली, उद्या बस गेल्यावर माझ्याबरोबर चल.

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. मावशी कुठल्याच हॉटेलात पुढच्या दाराने शिरली नाही. ती मागे जायची, मोरीशी बसलेल्या बाईजवळ उकिडवी बसायची, इकडच्या तिकडच्या गप्पा करायची, आणि गप्पांच्या नादात तिचे डोळे घासायला आलेल्या ताटांवरून फिरत राहायचे. बाहेर पडल्यावर गल्लीतून चालता चालता ती सुनेला समजावून सांगायची. लिंबाची फोड पिळून पिळून चोथा झालेली दिसली की समजायचं, मासळी कालची होती. काटे ताटाच्या कडेला ओळीने लावलेले असले, तर माणूस निवांत जेवला. काट्याला मांस चिकटलेलं राहिलं, तर आत कच्चं होतं. पाव अख्खा परत आला की एक तर पाव शिळा, नाहीतर रस्सा पाणचट, आणि दोन्हींतलं कुठलं ते पावावर बोट दाबलं की समजतं. लहान मुलाचं ताट आधी बघायचं, कारण मूल भिडेखातर एक घासही खात नाही. दिव्याच्या मनोऱ्याखालच्या चहावाल्याकडे तिने नुसते कप पाहिले. सगळ्या कपांचे तळ कोरडे होते. संध्याकाळी चहा कुठे प्यावा असं कुणी विचारलं की ती इथेच का पाठवते, ते सुनेला न सांगता कळलं.

गच्चीवरच्या मोठ्या हॉटेलाच्या मागे तर कमालच झाली. ताटांचा ढीग बघून मावशी पुटपुटली, इथला स्वयंपाकी बदलला. मोरीवाल्या बाईने चकित होऊन मान हलवली, कालच बदलला होता. सून आपल्या काडीसारख्या सासूकडे बघतच राहिली. अशी ताटं सुनेनेही आयुष्यभर पाहिली होती, सगळ्यांनीच पाहिली होती, आणि कुणाला त्यात खरकट्यापलीकडे काही दिसलं नव्हतं. आणि ही बाई, जिला एका घासाचीही चव कळत नाही, ती हजारो अनोळखी माणसांच्या जिभांनी चाळीस वर्षं जेवत होती. तिला वाटलं, आपण रोज जिच्यापुढे ताट ठेवत होतो तिला आपण कधी पाहिलंच नव्हतं.

परतताना समुद्राकाठच्या कठड्यावर दोघी टेकल्या. मग हे कधी कुणाला बोलला का नाहीत, असं सुनेने विचारलं. तेव्हा मावशीने आपली जुनी गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांची असताना ती पहिल्यांदा कामाला लागली, या गावातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलात. आठवडाभरात तिच्या लक्षात आलं की मुख्य स्वयंपाक्याची एक डिश रोज अर्धी परत येते. तिने भाबडेपणाने त्याला जाऊन सांगितलं. त्याने हातातला झारा तिच्या दिशेने भिरकावला आणि संध्याकाळच्या आत तिला हाकलून दिलं. त्यानंतर तेरा स्वयंपाकघरं झाली, पण मोरीत काय आलं हे तिने स्वयंपाक्याला कधीही सांगितलं नाही. कुठल्याही मोरीवालीने सांगायचं नसतं, हा त्या धंद्याचा रिवाज होता आणि तो तिने झारा खाऊन शिकला होता. पाहुण्यांना सांगण्यात मात्र कसली अडचण नव्हती. ते झारा मारत नाहीत.

"आणि मला?" सून म्हणाली.

"तू स्वयंपाकीणच की," मावशी म्हणाली. "तू रोज मला चव विचारलीस. ताटांबद्दल कधी विचारलं नाहीस."

सुनेने मग तो प्रश्न विचारला, जो चाळीस वर्षांत कुठल्याही स्वयंपाक्याने तिला विचारला नव्हता. "आई, माझ्या मोरीत काय दिसतं?"

अकरापर्यंतची ताटं आरशासारखी येतात, मावशी म्हणाली. बारानंतर कडा पुसलेल्या असतात आणि मधे रस्सा राहतो. म्हणजे माणूस आवडीने सुरुवात करतो आणि अर्ध्यात थांबतो. आणि तूच कुरकुरतेस, दुपारी प्रत्येक टेबलावरचे पाण्याचे जग तीन तीन वेळा भरावे लागतात. तुझं पातेलं दहापासून मंद आचेवर असतं. रस्सा आटत जातो, मीठ तेवढंच राहतं. तू चव घेतेस सकाळी. एकच्या बसने आलेला माणूस दीड वाजता तुझ्याकडे पोचणार, आणि त्याच्या ताटात पडणार खारट. माझ्या शब्दावर विसंबून आलेल्या माणसाला मी तिथे कशी पाठवणार होते?

इतकी साधी गोष्ट. दिवसभर रश्श्याच्या वाफेत उभं राहून तिची स्वतःची जीभ हळूहळू त्या खारटपणाला सरावत गेली होती आणि तिला पत्ता लागला नव्हता. जिला चव कळते तिला कळलं नव्हतं, आणि जिला चव कळत नाही तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. खानावळ बुडाली असती तर या गावात एकटी राहणार होती ती हीच म्हातारी. तरीही तिने स्वतःच्या घरासाठी एकाही पाहुण्याला खोटं सांगितलं नव्हतं. सुनेला तिचा राग यायला हवा होता, पण आतून वाटत होता तो निव्वळ आदर, आणि थोडी भीतीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिने मोठं पातेलं माळ्यावर टाकलं. दोन लहान पातेली आणली. एक दहाला चढायचं, दुसरं एकला. नवऱ्याला मिठाच्या डब्यापासून चार हात लांब राहायची तंबी मिळाली. आणि ताट पुढच्या दाराने गेलं की सून आता मागच्या दाराशी येऊन ते परत येण्याची वाट बघू लागली. पहिल्या दिवशी दुपारची दोन ताटं मधे भरलेली आली, तिने मीठ आणखी कमी केलं. तिसऱ्या दिवशी एका लहान मुलाचं ताट असं आलं की त्यात काट्यांशिवाय काही नव्हतं. ते ताट घेऊन ती एखादं बक्षीस मिळाल्यासारखी स्वयंपाकघरात उभी राहिली.

पाचव्या दिवशी दीडच्या सुमाराला दारात सहा माणसांचं एक कुटुंब उभं राहिलं, सामानसुमानासकट. स्टँडवरच्या त्या बाईंनी पाठवलं, असं त्यातला कर्ता माणूस म्हणाला. कडकडून भूक लागली असेल तर माझ्या सुनेकडे जा, असं म्हणाल्या. सुनेने त्यांना बसवलं, वाढलं, आणि आत येऊन पदराने डोळे पुसले. मग त्या टेबलावरचे पाण्याचे जग किती वेळा भरावे लागतात, तिकडे तिने लक्ष ठेवलं. एकदाच. मागून आणखी चार जण आले, मग दोघं. त्या दुपारी पाचही टेबलं पहिल्यांदा भरली.

तीन वाजता मावशी मागच्या पायरीवर येऊन बसली. सुनेने ताट वाढलं आणि कसं झालंय हे ओठांवर आलेलं गिळून टाकलं. ती आपल्या कामाला लागली. थोड्या वेळाने हात धुवायला मागे आली, तर सासूचं रिकामं ताट मोरीच्या कडेला ठेवलेलं होतं. सुनेने ते उचललं. काटे कडेला ओळीने लावलेले. भाताचं एक शीत नाही. कडेपासून मधोमधपर्यंत पावाने पुसून लख्ख केलेलं, इतकं की घासायला काही उरलं नव्हतं. आणि मग तिच्या लक्षात आलं की हे ताट रोज असंच यायचं. मिठाचा समुद्र झाला होता त्या दिवशीही असंच आलं होतं. रागाने बटाटा वाढला होता त्या दिवशीही. दोन वर्षं दररोज, या घरातलं सगळ्यात स्वच्छ ताट तिच्याच मोरीत येऊन पडत होतं.

"आई," ती ताट हातात धरूनच म्हणाली, "चव नाही, वास नाही. मग रोज एवढं पुसून का खाता?"

मावशीने सुनेकडे पाहिलं, शिकवूनही न शिकलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

"पहाटे अंधारात तू लिलावात उभी असतेस," ती म्हणाली. "ते कळायला जीभ कशाला लागते?"

मग ती सवयीने उठली आणि ताट घासायला हात पुढे केला. सुनेने ते दिलं नाही. तिने सासूला खांद्याला धरून पुन्हा पायरीवर बसवलं आणि मोरीशी बसून ते ताट स्वतः घासलं, दोनदा, काही लागलेलं नसताना.